उभ्या गाडीचा ताप

न्हाय न्हाय मिस्त्री, तुमी नीट आयकताय कुटं — चालवताना न्हाय तापत, उभी केली की तापतीया. पळताना एकदम गार. आता मुरगुडातनं हितवर आलो की, काटा हाय का हलल्याला? न्हाय. आणि हितं उद्यमनगरात तुमच्या दारात उभी केली, तुमी हात पुसत बाहीर येऊस्तवर चालूच ठेवली — बघा आता, चढाय लागला का न्हाय? लागला. बंद कर रं ज्ञानू. बंद कर आणि जा, मिसळ खाऊन ये, मी बोलतो मिस्त्रींशी. — आमचा डायवर. चांगलाय, पर मधीमधी बोलतो. तुमचं त्ये बरं हाय, तोंडात मावा हाय व्हय? असू द्या, असू द्या, थुकू नका. मला बोलणारा मिस्त्री नकोच हाय, बोलणारे लई झाले. खिजर मिस्त्री म्हंजे इंजनाची नाडी बघतो आणि तोंड उघडत न्हाय, असं आयकलं म्हणूनच आलोय मी. तुमी मान हलवा, मला कळतंय. गाडी आज सांजच्याला पायजे. पायजे म्हंजे पायजेच. उद्या साहेबांची एकसष्टी हाय, मुरगुडात मिरवणूक हाय, आणि साहेब बसणार कुणाच्या गाडीत? — ह्या. म्हंजे अजून पक्कं न्हाय झालं, पर जवळजवळ पक्कंच म्हणा.

आता तुमी म्हणशिला, आण्णा, उभी केल्यावर बंद का करत न्हाय. ह्योच सवाल सगळे इचारत्यात. अवो, बंद कशी करणार? तुमी कधी साहेबांच्या बंगल्यावर गेलाय? न्हाय — तुमाला काय गरज. तितं सकाळी फाटकाबाहीर गाड्यांची रांग असती. जीपा, ट्रॅक्स, माझी ही अँबॅसिडर — सगळ्या चालू. का? तर साहेब पायरी उतरले आणि समजा म्हणाले, चला रं, कुणाची गाडी हाय — तवा गाडी गुरगुरत पायजे. त्या टायमाला किल्ली मारली आणि नुसतं खर्रर्र खर्रर्र झालं, तर संपलं की! मागच्या उन्हाळ्यात एका दूध सोसायटीच्या चेअरमनचं तसंच झालं. स्टार्टर नुसता रडला, तवर साहेब दुसऱ्याच्या जीपमधी बसून गेले बी. त्यो बिचारा अजून दूध सोसायटीतच हाय. म्हणून कुणी बंद करत न्हाय. साहेब उठायच्या आत जाऊन उभं ऱ्हायचं. मग साहेब उठत्यात, मग च्या, मग आंघोळ, मग पूजा, मग पेपर, मग फोन — आमी आपलं उभं. गाड्या चालू आणि माणसं बंद. किती वेळ? आता काय घड्याळ लावून बसतोय व्हय मी? रोज? रोजच की. एक दिवस न्हाय गेलं तर साहेब इचारत्यात, प्रभुलिंग का न्हाय आला म्हणून. म्हंजे अजून इचारलं न्हाय त्यांनी कधी — पर इचारतील की. न्हाय गेलं तर इचारतील.

व्हय, उघडा, उघडा बॉनेट. पाणी फुल्ल हाय, त्ये बघू नका. आमच्या गावचा पिराजी मिस्त्री, त्यानं आधी सगळं बघितलंय. आधी म्हणाला, आण्णा, थर्मास्टाट. काढून फेकला. मग म्हणाला पाण्याचा पंप. बदलला. मग रेडिएटर काढून नेला, सोडा घालून उकळला, आणि त्यातनं जो गाळ निघाला त्यो परातीत घालून घरी दाखवाय आणला — शिवम्माला, आमच्या मंडळींना, म्हणतोय कसा, वैनी, बघा काय निघालं पोटातनं! बाळंतपण केल्यासारखं. मग फॅनचा पट्टा बदलला. मग म्हणाला हेड गॅसकेट. सगळं इंजन इस्कटलं, परत बसवलं, आणि एक बोल्ट उरला. मी म्हणालो ह्यो कसला रं? तर म्हणतोय, जास्तीचा हाय. हसा, हसा तुमी. माझी गाडी न्हाय म्हणून हसाय येतंय. आणि ह्यो एकटा पिराजी असता तर चाललं असतं. गावातली शेंबडी पोरं सुद्दा येऊन बॉनेटमधी वाकून जात्यात. जनावराच्या डॉक्टरनं बॉनेटवर हात ठेवला, डोळं मिटलं आणि म्हणाला, ताप हाय. एवढं शिकून! हेडमास्तर म्हणाले, पेट्रोलात रॉकेल हाय. शिवम्मा म्हणाली, दिष्ट लागली. म्हणून त्या म्होरल्या पाटीखाली लिंबू-मिरची बांधली — बघा, हाय अजून. पार वाळून कोळसा झालीया. ताजी बांधली तरी दोन दिसात वाळती. तितंच लई गरम हुतंय म्हनं.

कशाला एवढा जीव टाकतोय म्हणशिला. सांगतो. मागं साहेब निवडून आले, तवाची मिरवणूक. फुलं बांधलेली जीप येणार हुती ती पंक्चर झाली — देवच पावला म्हणा — आणि साहेबांनी हिकडं तिकडं बघितलं, आणि माझी गाडी गुरगुरत उभी हुती. बसले! माझ्या गाडीत, म्होरल्या शिटावर, माझ्या ह्या डोळ्यांनी बघितलं मी. मी मागं. हलगी म्होरं, पोरं नाचत्यात, गुलाल नुसता उधळतोय. आता मिरवणुकीत गाडी चालती व्हय? चालतच न्हाय. एक पाऊल सरकती आणि थांबती. चावडीपर्यंत गेलो, काटा चढला. मी बघतोय मागनं, ज्ञानूच्या मानंवरनं. म्हणालो, मनातल्या मनात — दत्तम्हाराज, बाजारपेठ संपूस्तवर धरा. कसलं काय. बाजारपेठंच्या तोंडाला फुस्स करून बॉनेटमधनं वाफ! साहेबांचा पांढरा सदरा, त्याच्यावर गुलाल, आणि त्या गुलालावर वाफेचं पाणी — सगळं लाल-लाल वघळ. खाली उतरले. मला वाटलं आता शिव्या. तर न्हाय — माणूस मोठा! — गाडीच्या म्होरं जाऊन उभे ऱ्हायले, कमरेवर हात ठेवून माझी पाटी वाचली पयल्या अक्षरापासनं शेवटापर्यंत, आणि म्हणाले, प्रभुलिंग, तुझ्या पाटीनं गाडीचा जीव गुदमरलाय रं! सगळी मिरवणूक हसली. मी पण हसलो. हसायचंच की, साहेबांनी थट्टा केली म्हणल्यावर. चारचौघात नाव घेतलं माझं! आणि मग साहेब गेले केरबाच्या जीपमधी बसून. केरबा म्हंजे आमच्या शेजारच्या गावचा, काल-परवापर्यंत गूळ भरायचा ट्रकात. आज बघा. कारखान्याचं इलेक्शन आलंय आणि पॅनेलमधी केरबाचं नाव पक्कं म्हणत्यात. का? तर जीप तापली न्हाय. ज्याच्या गाडीत साहेब, त्यो पॅनेलमधी — कुटं लिहून ठेवल्यालं न्हाय, पर सगळे पाळत्यात. उद्या मिरवणूक झाली की मैदानावर नावं वाचणार हैत. एक जागा ऱ्हायलीया आमच्या गटात. एकच. कारखान्याचा संचालक, मिस्त्री! आमच्या सात पिढ्यांत कुणी झालं न्हाय. माझी आई, अव्वा, असती तर तिनं दारात रांगोळी काढली असती साहेबांच्या टायरखाली.

काय? कधीपासनं? तेच तर सांगाय लागलोय. सारखी तापत न्हाय ही. हिला कळतंय. ह्या श्रावणात इलेक्शनची आचारसंहिता लागली — त्ये मोठं इलेक्शन, आमचं न्हवं — तर आचारसंहितेत पदाधिकाऱ्याच्या गाडीवर पाटी नको म्हणत्यात. आता आमच्या गावच्या पाण्याच्या संस्थेला कोण इचारतंय? कुणीच न्हाय इचारलं. पर आपून कायदा पाळायला नको? मी स्वतःहून पाटी काढली, पोत्यात गुंडाळून गोठ्यात ठेवली. आणि त्याच टायमाला शिवम्मा म्हणाली, नरसोबाच्या वाडीला जाऊन या, गाडीला अंगारा लावा. गेलो. पाया पडलो, अंगारा आणला, रेडिएटरला लावला, उरलेला डिकीत ठेवला. आणि काय सांगू तुमास्नी — गाडी जी गार झाली! गणपतीत साहेबांच्या मंडळाची मिरवणूक, माझी गाडी जनरेटरच्या मागं उभी, चालू, रात सरली तरी काटा अर्ध्याच्या वर न्हाय. साहेब बसले न्हवते, बॅटऱ्या आणि पेढ्यांचे बॉक्स हुते, पर गार म्हंजे गार. बंगल्यावर उभी केली, गार. मी म्हणालो, दत्तम्हाराज पावले. मग इलेक्शन झालं, दसरा आला, मी पाटी बाहीर काढली, चिंचंनं घासली, हार घातला, नारळ फोडला, बसवली — आणि त्याच सांजंला परत फुस्स! म्हंजे अंगाऱ्याचा गुण दसऱ्यापर्यंतच हुता म्हणायचं. शिवम्मा म्हणती परत जाऊन या. ह्या महिन्यात दोनदा जाऊन आलोय वाडीला. जाताना-येताना गार. देवळाबाहीर उभी केली की तापली.

आता त्यो पेपर कशाला? च्यायला, गाडी बघायची सोडून पेपर काय वाचताय — आं? म्होरं धरताय? कशाच्या म्होरं? चालू करू? करतो की, किल्ली हाय हितं. ही घ्या, झाली चालू. व्हय, फॅन फिरतोय की, मला दिसतंय. पेपर पडला. मग? पडणारच, वाऱ्यानं — वारं न्हाय? बरं, न्हाय. म्हंजे फॅननं वढून घ्याय पायजे पेपर? तितं जाळीला चिकटाय पायजे? आता चिकटंल कसा, मधी माझी पाटी हाय. — ओ! ओ मिस्त्री! पाना खाली ठेवा. पाटीला हात लावायचा न्हाय. इंजन आत हाय, पाटी बाहीर हाय. तुमी आत बघा.

न्हाय, मोठी न्हाय ती. तेवढी लागतीच. तुमीच हिशोब करा — संस्थेचं नावच मुळात लांब. आधी देवाचं नाव, मग गावाचं, मग सहकारी, मग उपसा जलसिंचन, मग पाणीपुरवठा, मग संस्था, मग मर्यादित. तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. ह्ये सगळं झाल्यावर माझं नाव. आणि नावाच्या वर व्हाईस चेअरमन, त्ये तर लांबनं वाचाय आलं पायजे. लक्ष्मीपुरीतल्या पेंटरनं आधी बारकी करून दिलती, म्हणाला आण्णा, एवढ्यात बसवतो. मी म्हणालो, व्हाईस चेअरमन एका वळीत आला पायजे, तोडायचा न्हाय. व्हाईस वर आणि चेअरमन खाली केलं तर लोक खालचं वाचतील आणि आमचा चेअरमन भांडाय येईल. मग त्यो म्हणाला, पत्रा वाढवाय लागंल. म्हणालो वाढव. एका लाइटीपासनं दुसऱ्या लाइटीपर्यंत घे. चेअरमनची पाटी एवढी-एवढी हाय, वहीएवढी. त्यो म्हणतो कसा मला, आण्णा, तुमच्या पाटीवर पापड वाळत घालाय येतील. जळतोय त्यो. लोक वाट सोडत्यात मिस्त्री ही पाटी बघून! परवा निपाणी फाट्याला पोलिसानं हात केलता, पाटी वाचाय लागला, वाचूस्तवर आमी गेलो बी.

बरं, काढा. काढा एकदाची — पर नुसती बघाय. आणि खाली ठेवायची न्हाय, तेलाबिलात. हिकडं द्या माझ्याकडं, मी धरतो. अंगावरच घेतो. हां. — काय धरताय परत पेपर? चिकटला. चिकटला की वो! बरं, चिकटला म्हणून काय झालं, पेपर चिकटल्यानं गाडी गार हुती व्हय? ठेवा चालू. ठेवा, मी पण हितंच हाय. बघू कवर दम धरती. मला ठावं हाय ही, आता चढंल बघा. तवर बसतो ह्या टायरवर. न्हाय, हिकडं तोंड करूनच बरा हाय मी. तिकडं त्ये मोटर रिवायंडिंगचं दुकान हाय न्हवं, तिकडं पाठ केल्याली बरी. वळखीचा हाय त्यो. संस्थेची मोटर त्याच्याकडं पडलीया. नदीवरची, पाणी उपसायची. जळली हुती मागच्या पाडव्याला. व्हय, संस्थेचं पाणी तवापासनं बंदच हाय. अवो, नुसती दुरुस्त करून आणायची म्हणलं तर कालबी आणली असती मी, पर ती मोटर हाय जुनी, कुणाला पायजे जुनी? नवी घ्यायची, मोठी, दुप्पट ताकदीची — आणि नव्या मोटरीला साहेबांचा शब्द लागतोय. मग शब्द कुटं मिळणार, नदीवर का बंगल्यावर? बंगल्यावरच की! म्हणून मी रोज जाऊन उभा ऱ्हायचो. सभासदांना काय कळतंय. बायका घागरी घिऊन दारात येऊन बसल्या, शिवम्माशी भांडल्या, आण्णा कुटं गेल्यात म्हणून. शिवम्मा म्हणाली, तुमच्याच पाण्यासाठी गेल्यात. खोटं हाय व्हय? आणि बंगल्यावर मी एकदा म्हणालो पण साहेबांना, मोटरीचं. एकदा म्हंजे, म्हणणारच हुतो — साहेब गाडीत बसत हुते, केरबाच्या, मी काचंतनं वाकून म्हणालो साहेब मोटर — तर म्हणाले, हाय की, गाडी हाय. आणि गेले.

काय झालं काट्याचं? हलला? न्हाय? बघा नीट, चिकटला असंल. टिचकी मारा काचंला. मारली? बरं. अजून थांबा. काय घाई हाय. ज्ञानू अजून तर्रीच वाढून घेत असंल. थांबा जरा... व्हय, ह्या वेळंला बंगल्यावर वाफ आल्याली असती. आली असती म्हणतो, आता आली न्हाय. अंगारा लावलाय परवा, त्याचा पण गुण असंल. न्हाय म्हणताय. बरं. मी आपलं म्हणालो.

म्हंजे साहेबांनी सांगितलं हुतं मला. आं? सगळ्यांसमोर, तोंडावर सांगितलं हुतं, तुझ्या पाटीनं गाडीचा जीव गुदमरलाय म्हणून. आणि मी हसत बसलो. थट्टा न्हवती ती. सगळी मिरवणूक का हसली मग? — न्हाय, न्हाय, नका सांगू. कळलं. लई वाईट वाटलं बघा मिस्त्री, आता. तवा न्हाय वाटलं. तवा मी घरी जाऊन शिवम्माला सांगितलं की साहेबांनी माझी पाटी आक्खी वाचली.

मागं? मागं लावा म्हणताय? अवो, मागं पाटी लावली तर ज्याला आमी मागं टाकलं त्यो वाचणार. म्होरनं येणाऱ्याला काय कळणार आत कोण हाय? त्यो म्हणंल, चालली कुणाची तरी जुनी अँबॅसिडर, भाड्याची. टपावर लावली तर लग्नाच्या बँडची गाडी वाटती. काय? कापून बारकी? कुटं कापणार — देव कापता का गाव कापता? मर्यादित कापला तर कायद्यात बसत न्हाय. आणि भोकं पाडली तर माझ्या नावातनं हवा जाणार... तसं बघितलं तर पाटी नवीनच करायची हुती मला. पेंटरकडं गेलतो मी दिवाळीत. एक शब्द वाढवायचा हुता, म्होरं, बारकाच. त्यो म्हणाला आण्णा, जागा न्हाय. मी म्हणालो, मग ऱ्हाऊ दे. आता जागाच न्हाय म्हणल्यावर मी काय करणार? — कसला शब्द म्हंजे? कसला असणार. माजी. दोन अक्षरी. दसऱ्यानंतर सभासदांनी सभा घेतली, मी बंगल्यावर हुतो, आलो तर ठराव झाल्याला. पर त्ये अजून कुणाला ठावं न्हाय. म्हंजे गावाला ठावं हाय. साहेबांना ठावं न्हाय. साहेबांच्या कानावर जायच्या आत पॅनेलमधी नाव आलं की झालं, मग संचालक म्हणूनच पाटी करायची, त्ये नाव आखूड हाय, बघा तुमी, गाडी तापायची बंदच हुईल आपोआप.

थांबा! थांबा मिस्त्री. बंद करा इंजन. बंद करा — सुचलं मला. अवो, एवढं सोपं! इंजन चालूच कशाला पायजे? मिरवणुकीत गाडी पळवायची हाय का आपल्याला? एक पाऊल सरकायचं आणि थांबायचं. मग इंजन बंद! साहेब बसले की ज्ञानूनं न्यूट्रल करायची आणि मागनं माणसांनी ढकलायची. इंजनच बंद म्हणल्यावर तापतंय कशाला? पाटी जाग्यावर, साहेब जाग्यावर, वाफ न्हाय, धूर न्हाय, आवाज न्हाय — हलगी कशी नीट आयकाय येईल! आणि मान बघा किती, मान! माणसं गाडी वढून नेत्यात. केरबाची जीप पेट्रोलवर चालती, माझी गाडी माणसांवर. साहेब काचंतनं मागं वळून बघतील आणि म्हणतील, प्रभुलिंगच्या मागं माणसं हैत. ह्येच बघून देत्यात की वो तिकीट, मागं माणसं किती हैत! उगंच एवढं इंजन खोललं. लावा पाटी. लावा, आवळा. चार माणसं ढकलाय बास झाली. मुरगुडचा रस्ता सपाट हाय, चावडीजवळ तेवढा जरा चढ हाय. चार न्हायतर पाच. ज्ञानू — ज्ञानू स्टेरिंगला लागणार, त्यो न्हाय धरायचा. पिराजी हाय दांडगा. पर त्याला मी परवा त्या उरलेल्या बोल्टावरनं सगळ्या गल्लीत काय काय बोललो, त्यो न्हाय यायचा. संस्थेचे सभासद म्हणलं तर ढीगभर हैत... त्ये ढकलतील. पर गाडी न्हाय ढकलायचे त्ये, मलाच. बसाप्पा आला असता. माझा धाकटा भाऊ, सख्खा. लहानपणी शेतात गाडा रुतला की एका खांद्यानं काढायचा. पर ठरावाला पयला हात त्याचाच वर हुता म्हणत्यात. मी न्हवतो तितं. खोटं पण असंल. आणि... शिवम्मा म्हणंल मी ढकलते. ती म्हणंल. पर साहेबांच्या मिरवणुकीत बाई गाडी ढकलती म्हणल्यावर —

तुमी उद्या मोकळे हाय का, मिस्त्री? न्हाय, म्हणलं इचारावं. रविवार हाय, गॅरेज बंद असंल. दुकानातली माणसं घिऊन या की, जेवण हाय तितं, सगळ्या गावाला हाय. मागनं नुसता हात लावायचा, मी पण लावीन की, साहेब थोडंच बघणार हैत मागं कोण हाय — आं? काय झालं? असं का बघताय? कुटं निघाला? न्हाय, न्हाय, थुकू नका. तुमी थुकला की बोलणार. असू द्या तोंडात, चांगला लागलाय मावा. आधी पाटी बसवा. त्यो डावीकडचा बोल्ट. आवळा. अजून आवळा.